नडगी दुखतेय आणि मॅरेथॉनला नऊच आठवडे उरलेत: थांबायचं की पळत राहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: मॅरेथॉनच्या 18 आठवड्यांच्या प्लॅनचे नऊ आठवडे झाले, नऊ उरले. तीन आठवड्यांत मायलेज, म्हणजे आठवड्याचं एकूण अंतर, 38 किलोमीटरवरून 55 वर गेलं. आधीचा सर्वांत मोठा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली एक लांब धाव, 19 चा होता, गेल्या रविवारी थेट 26 झाले आणि तेव्हापासून उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर दुखतंय. धाव सुरू करताना दुखतं, दोनेक किलोमीटरनंतर विसरायला होतं, घरी येऊन अंग थंड झालं की परत ठणकतं. पूर्ण थांबावं, की गोळी घेऊन प्लॅन पुढे चालू ठेवावा?

प्लॅनचा कागद आज बाजूला ठेवा. थांबायचं की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: दुखणं हाडाच्या कडेला पसरलेलं आहे, की हाडातल्या एका ठिकाणी आहे. पहिल्याला शिन स्प्लिंट्स म्हणतात. त्यात धावणं काही दिवस बंद ठेवून मग हळूहळू परत येता येतं. दुसरं असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला पडलेल्या बारीक भेगेचा, संशय घ्यावाच लागतो आणि तिथे नऊ आठवड्यांचं गणित संपतं.

हे घरी बऱ्यापैकी तपासता येतं. धावला नसाल अशा दिवशी खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा ठेवा आणि पोटरी सैल सोडा. घोट्याच्या आतल्या उंचवट्यापासून सुरुवात करा. नडगीचं हाड संपून पोटरीचं मांस जिथे सुरू होतं ती आतली कड बोटाला स्पष्ट लागते. त्या कडेवर अंगठा टेकवून दाबा आणि एकेक सेंटीमीटर वर सरकत जा. जोर सगळीकडे सारखा हवा, साधारण नख पांढरं पडेल इतका. दुखायला लागेल तिथे पेनाने खूण करा, थांबेल तिथे दुसरी, आणि मधलं अंतर पट्टीने मोजा. पाच सेंटीमीटर किंवा जास्त लांबीचा पट्टा साधारण सारखाच हुळहुळा असेल तर शिन स्प्लिंट्सची शक्यता जास्त. त्याउलट एखाद्या नाण्याएवढ्या जागी अंगठा गेल्यावर पाय झटकन मागे घ्यावासा वाटला आणि दोन सेंटीमीटर वर-खाली काहीच नसेल, तर ते हाडाचं दुखणं समजूनच वागायचं.

मग हाच अंगठा नडगीच्या पुढच्या धारेवरूनही फिरवा. धारेच्या मधल्या भागात एकाच बिंदूवर कळ येत असेल तर त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पुढच्या बाजूचं स्ट्रेस फ्रॅक्चर भरून यायला फार हट्टी असतं आणि दुर्लक्ष झालं तर हाड आरपार मोडू शकतं.

दुखण्याची वेळही बरंच सांगते. सुरुवातीला दुखून मग कमी होणं, जे तुमच्या बाबतीत होतंय, हे शिन स्प्लिंट्सचं नेहमीचं लक्षण. धावताना दर किलोमीटरला वाढत जाणं, नुसतं चालताना दुखणं, रात्री झोपेतून जाग येणं ही हाडाची लक्षणं. तिसराही एक प्रकार आहे: धाव सुरू करताना काही नाही, मग दर वेळी ठराविक मिनिटाला पोटरी किंवा नडगीची बाहेरची बाजू फुगल्यासारखी घट्ट होते, कधी पाऊल बधिर पडतं, आणि थांबल्यावर पाव तासात सगळं मोकळं. त्यात स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढलेला असतो. त्याचे उपचार वेगळे आहेत, खाली लिहिलेलं त्याला लागू नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर धावण्याचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआयमध्ये हाडातली सूज लवकर दिसते. अंगठ्याच्या चाचणीत एकच बिंदू सापडला असेल तर डॉक्टरांना तो बिंदू दाखवा आणि एमआरआयची गरज आहे का, हे स्पष्ट विचारा.

हे झालं कशामुळे, तेही समजून घ्या, कारण परत येताना तीच चूक होते. हाड भार ओळखून स्वतःला नव्याने बांधतं, पण त्याचा क्रम गैरसोयीचा आहे. आधी जुनं हाड पोखरून काढलं जातं, त्याला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि नवं हाड भरून पक्कं व्हायला काही महिने. म्हणजे भार वाढवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा थोडं कच्चं असतं. दम मात्र तोवर वाढलेला असतो, म्हणून माणूस नेमका तेव्हाच मोठी उडी घेतो. मायलेज तीन आठवड्यांत सुमारे 45 टक्क्यांनी वाढलं आणि लाँग रन एका झटक्यात सात किलोमीटरने. दोन्हींत मला लाँग रनची उडी जास्त खटकते. आठवड्याला 10 टक्के वाढ हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो, पण नेदरलँड्समध्ये नव्या धावपटूंवर केलेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसा सावकाश चढवलेला गट आणि नेहमीचा गट यांच्यात दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाच्या धावेकडे लक्ष ठेवलेलं बरं: गेल्या महिन्याभरातल्या सर्वांत लांब धावेच्या पुढे एका वेळी 10 टक्क्यांहून फार जायचं नाही. 19 नंतर 21 व्हायला हवे होते.

तपासणीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं तर ही मॅरेथॉन सोडा. हे लिहिताना वाईट वाटतं, कारण नऊ आठवडे पहाटे उठणं काय असतं ते धावणाऱ्यालाच कळतं. पण नडगीच्या आतल्या कडेच्या सौम्य स्ट्रेस फ्रॅक्चरमध्येही धावायला फक्त सुरुवात करायलाच साधारण चार ते आठ आठवडे जातात. उरलेल्या दिवसांत 42.195 किलोमीटर बसत नाहीत. आयोजक बिब (छातीवर लावायचा नंबर, म्हणजे तुमची नोंदणी) पुढच्या वर्षावर देतात का, किंवा हाफ मॅरेथॉनमध्ये बदलून देतात का, हे मुदत संपायच्या आत विचारून घ्या.

शिन स्प्लिंट्स असेल तर पुढचं वाचा.

पहिले सात ते दहा दिवस धावणं पूर्ण बंद. "हळू पळतो", "मातीवर पळतो" हे पर्याय या दहा दिवसांत नाहीत. दुखणं अंगावर काढत धावलेला प्रत्येक दिवस पुढे दोन दिवस खातो. दमाची काळजी करू नका. पहिल्या दहा दिवसांत फारसं काही कमी होत नाही. पूर्ण विश्रांती तीन आठवड्यांवर गेली तर मात्र हृदय-फुप्फुसांची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी उतरते, म्हणून पाय आपटणार नाहीत असा व्यायाम दुसऱ्याच दिवसापासून सुरू करा.

सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे खोल पाण्यात धावणं. कमरेला तरंगायचा पट्टा बांधायचा, पाय तळाला लागता कामा नयेत. धड सरळ, किंचितच पुढे झुकलेलं. गुडघा वर येतो, मग पाऊल खाली आणि मागे ढकललं जातं. बहुतेकांची चूक अशी की अंग पुढे आडवं होत जातं आणि धावण्याऐवजी पोहणं सुरू होतं, किंवा पाय सायकलसारखे समोरच गोल फिरत राहतात. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीपेक्षा मिनिटाला दहाएक कमी दिसतात, त्यामुळे घड्याळ न बघता श्वासावर चला. इंटरव्हलच्या, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू करायच्या दिवशी दहा मिनिटं सावकाश, मग तीन मिनिटं जोरात आणि एक मिनिट हळू असं सहा वेळा. जोरात म्हणजे दोन-तीन शब्दांपुढे बोलता येऊ नये. लाँग रनच्या दिवशी तासभर पाणी आणि लगेच तासभर सायकल. पाणी मिळणार नसेल तर सगळंच सायकलवर करा. सीटची उंची अशी हवी की पेडल तळाला असताना गुडघ्यात थोडासाच बाक राहील, आणि मिनिटाला 85 ते 95 फेऱ्या ठेवा. जड गिअरवर रेटू नका.

बर्फाने ठणका कमी होतो, एवढाच त्याचा उपयोग. दिवसातून दोनदा, फडक्यात गुंडाळून, 10 ते 15 मिनिटं पुरे. फोम रोलर (स्नायू दाबून मोकळे करायचा फोमचा लाटण्यासारखा गोल) पोटरीवर फिरवा, हाडाच्या कडेवर अजिबात नको. दुखरी कड जोरजोरात चोळून "मोकळी" करायची पद्धत आहे, ती चिडलेल्या जागेला आणखी चिडवते.

खरं काम पोटरीचं आहे. पोटरीत वरचा फुगीर स्नायू आणि त्याच्याखाली सोलियस असे दोन थर असतात. धावताना सोलियसवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि तो थकला की नडगीला जास्त वाकावं लागतं. दोन्ही थरांना काम हवं. सरळ गुडघ्याने टाच उचलण्याचा व्यायाम असा: पायरीच्या कडेवर चवडे, टाचा मोकळ्या, भिंतीला फक्त दोन बोटं. दोन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली, टाच पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत. आधी दोन्ही पायांवर, 12 चे तीन सेट. दुखलं नाही तर तीन-चार दिवसांनी एका पायावर. मोजताना प्रामाणिक राहा. थकलं की घोटा बाहेर कलंडतो आणि वजन करंगळीकडे जातं, गुडघा नकळत वाकतो, किंवा टाच निम्मीच उचलली जाते. वजन अंगठा आणि शेजारच्या बोटावरच राहायला हवं. ज्या वेळेला हे बिघडतं तिथे मोजणी संपली. सपाट जमिनीवर एका पायाने, पूर्ण उंचीने 25 होईपर्यंत पोटरी मॅरेथॉनसाठी तयार झाली असं मी मानत नाही. बहुतेक जण पहिल्यांदा 12 ते 15 वर अडकतात, आणि दुखरा पाय आणखी तीन-चार कमी करतो.

सोलियससाठी गुडघा वाकलेला हवा. खुर्चीत बसून चवड्याखाली जाड पुस्तक किंवा फळी, मांडीवर गुडघ्याजवळ वजन, आणि तसंच सावकाश वर-खाली. 10 किलोपासून सुरू करून शरीराच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत न्या, 10 चे चार सेट. दोन्ही व्यायाम एक दिवसाआड. जोडीला कुशीवरचा प्लँक, दोन्ही बाजूंना 30 सेकंद तीनदा, आणि एका पायावर पायरी सावकाश उतरणं, 10 चे तीन सेट. उतरताना गुडघा आत कोसळू द्यायचा नाही.

धावायला परत कधी सुरुवात करायची, याला तारीख नाही, तीन अटी आहेत. सलग तीन दिवस 45 मिनिटं भरभर चालून न दुखणं. अंगठ्याच्या चाचणीत कड जवळपास शांत असणं. आणि दुखऱ्या पायावर जागच्या जागी दहा लंगडी उड्या मारून न दुखणं. ही उड्यांची चाचणी पहिल्या दोन अटी पार झाल्यावरच करा. चालताना दुखत असताना उड्या मारून बघू नका.

अटी पूर्ण झाल्या की एक दिवसाआड धाव-चाल. दहा मिनिटं चालून अंग गरम करा, मग एक मिनिट धाव आणि दोन मिनिटं चाल, आठ वेळा. पुढच्या खेपेला दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, आठ वेळा. मग चार-एक पाच वेळा, मग नऊ-एक तीन वेळा, मग सलग 30 मिनिटं. पहिल्या दिवशी आठच मिनिटं धावलो म्हणून चिडचिड होते आणि लोक दुसऱ्याच दिवशी पाच किलोमीटर करून बघतात. त्या आठ मिनिटांत दमाला काहीच मिळत नाही हे खरं, पण ती हाडासाठी आहेत.

प्रत्येक धावेचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर पहिली दहा पावलं आणि अंगठ्याची चाचणी, शून्य ते दहाच्या मापात. धावताना दोनपर्यंत आणि सकाळी आदल्या दिवशीइतकंच किंवा कमी असेल तर पुढच्या टप्प्यावर जा. सकाळी वाढलेलं असेल तर तोच टप्पा परत. धावताना तीनच्या वर गेलं किंवा चाल बदलली, तर तिथेच थांबून चालत घरी, दोन दिवस सुटी आणि एक टप्पा मागे. टाचेमागच्या जाड दोरीसारख्या स्नायुबंधाच्या (अकिलिस टेंडन) दुखण्यात चार-पाचपर्यंतही चालवून घेतात, हाडाजवळच्या दुखण्यात मी घेऊ देणार नाही.

हा निकाल खरा लागायचा तर गोळी नको. आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन धावलात तर सांगणारी सूचनाच बंद होते. हाड भरून येण्यालाही या गोळ्या अडथळा करू शकतात, आणि लांब धावेत, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडांवर त्यांचा ताण येतो.

आता नऊ आठवड्यांचा हिशोब. पहिला आठवडा आणि दुसऱ्याचा अर्धा धावण्याविना. तिथून तिसऱ्याच्या अखेरीपर्यंत धाव-चाल ते सलग 30 मिनिटं. चौथ्या आठवड्यात सर्वांत लांब धाव 9 ते 10 किलोमीटर, पाचव्यात 13, सहाव्यात 17, सातव्यात 22, आठव्यात 14, नवव्यात दोन-तीन छोट्या धावा आणि मॅरेथॉन. 10 टक्क्यांचा नियम सांगून मीच इथे 30 टक्क्यांच्या उड्या लिहितोय असं वाटेल. कारण एवढंच की तुमचे पाय 26 पर्यंत जाऊन आलेले आहेत आणि तारीख हलत नाही. त्या बदल्यात तीन बंधनं पाळा. लाँग रन पूर्ण चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल या पद्धतीने. आठवड्यातली दुसरी कुठलीही धाव 8 किलोमीटरच्या वर नाही. आणि वेगाचं काम, चढ-उतार सगळं पाण्यात किंवा सायकलवर. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवले की दुखणं परततं. बुडालेले किलोमीटर भरून काढायचे नाहीत. सर्वांत जास्त लोक इथेच घसरतात: दहा दिवस थांबतात, दुखणं जातं, आणि प्लॅनच्या कागदावर त्या रविवारी जे 29 लिहिलंय तेच धावायला निघतात.

ठरवलेल्या वेळेत पूर्ण करायचं ध्येयही आता सोडा. या वाटेने मॅरेथॉन धाव-चाल करत पूर्ण करता येईल, तुमच्या आधीच्या पेसने, म्हणजे वेगाने, नाही.

कॅडेन्सकडे बघा. मिनिटाला पावलं किती पडतात ते सहज पेसमध्ये मोजा आणि त्यात पाच टक्क्यांनी वाढ करा, 160 असतील तर 168. पाऊल आखूड पडतं, शरीराच्या फार पुढे टेकत नाही आणि दर पावलाचा धक्का कमी होतो. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं ॲप) लावून आधी एकेक मिनिटाच्या तुकड्यांत सवय करा, पोटरीला हे नवं असतं. सगळ्यांनी 180 च गाठावं याला आधार नाही. बूट 600 ते 800 किलोमीटर चालले असतील तर बदला, पण टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक जुन्या बुटाइतकाच ठेवा. कमी फरकाच्या बुटात एकदम गेलं की भार पोटरीवर सरकतो. पोटरीवर घालायच्या घट्ट कॉम्प्रेशन स्लीव्हने बरं वाटत असेल तर घाला, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

खाणं कमी करू नका. धावणं बंद म्हणून जेवण निम्म्यावर आणणं ही दुखऱ्या हाडाची उपासमार आहे. प्रथिनं दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम, कॅल्शियम 1000 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. ज्या धावपटू स्त्रियांची पाळी तीन महिने किंवा जास्त चुकली आहे, त्यांनी हे आधी डॉक्टरांना सांगावं. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नाही याची ती खूण असते आणि तेव्हा हाडं खरोखर ठिसूळ होत जातात. पुरुषांमध्येही हे होतं, फक्त इतकी उघड खूण दिसत नाही.

निर्णयाचा दिवस आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा: सातव्या आठवड्यातली 22 ची धाव. ती दोनच्या आत दुखत पार पडली आणि पुढच्या दोन्ही सकाळी नडगी शांत राहिली, तर सुरुवातीच्या रेषेवर जा. तोवर 17 च जमत असतील किंवा सकाळी लंगडावं लागत असेल, तर हाफ धावा किंवा बिब पुढे ढकला. हा दिवस आधी ठरवलेला नसला की निर्णय आदल्या रात्री, बिब हातात असताना होतो, आणि तो बहुधा चुकीचा होतो.

मॅरेथॉनच्या दिवशी चार-एक पहिल्या किलोमीटरपासूनच सुरू करा. दुखायला लागल्यावर चालू असं ठरवलंत तर 25 व्या किलोमीटरपर्यंत चालणं होतच नाही. उतारावर पावलं मुद्दाम आखूड टाका. पसरलेलं, तीनच्या आतलं दुखणं तसंच राहत असेल तर पुढे जा. एका बिंदूवर कळ गोळा व्हायला लागली, दर किलोमीटरला वाढत गेली किंवा पाय वाचवत पडायला लागला, तर पुढच्या मदतकेंद्रावर थांबा आणि तिथून गाडीने या. नंतर दोन दिवस अंगठ्याची चाचणी करा, आणि एकच बिंदू दुखत राहिला तर एमआरआय होईपर्यंत धावू नका.